पॉप्युलिस्ट शेतकऱ्यांनी गोदाम मागितले होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील लोकानुनयावरचा लेख मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच परिच्छेदापाशी अडखळलो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्यांनी पीपल्स पार्टी, म्हणजेच ‘पॉप्युलिस्ट’ पक्ष, उभी केली, त्या शेतकऱ्यांना लेखकांनी ‘चांदीच्या नादी लागलेला कर्जबुडव्यांचा जमाव’ म्हटले आहे आणि निवडणुकीच्या तोंडावर होणाऱ्या आजच्या सगळ्या फुकट वाटपाचे मूळ त्यांच्याकडे नेऊन ठेवले आहे. लेखक विद्वान आहेत, त्यांची भाषाही चांगली आहे. परंतु इतक्या मोठ्या लेखात सब-ट्रेझरी योजनेचा, म्हणजे सरकारी गोदामात माल ठेवून त्यावर उचल घेण्याच्या त्यांच्या मागणीचा, साधा उल्लेखही नसावा, हे अनवधान मानायला मी तयार नाही. ज्यांना ती योजना ठाऊक नाही त्यांनी त्या शेतकऱ्यांविषयी लिहू नये, आणि ठाऊक असून जे ती वगळतात त्यांनी तर मुळीच लिहू नये.

हे मला इतके का लागले ते सांगतो. कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होण्याआधीच्या काळात माझ्या वडिलांचे खाते तालुक्याच्या गावी एका दुकानात होते. बियाणे, खत, औषध आणि पोळ्याला लागणारा किराणादेखील तिथूनच येई. त्या दुकानात प्रत्येक वस्तूला दोन भाव असत, एक रोखीचा आणि एक उधारीचा, आणि उधारीवाल्याने भाव विचारण्याची रीत नव्हती. दुकानदार चोपडीत आकडा लिहीत असे आणि वडील दुसरीकडे पाहत असत. दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस बैलगाडीत भरला, की गाडी त्या दुकानदाराने सांगितलेल्या अडत्याकडेच जायची. भाव काय निघाला हे आम्हाला खाते वळते झाल्यावर कळायचे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो. परत येताना गाडी रिकामी असे आणि वडील सगळ्या वाटेत एक शब्दही बोलत नसत.

पुढे शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांविषयी वाचताना मला तीच चोपडी पुन्हा दिसली. यादवी युद्धानंतर तिथल्या बँका बुडाल्या होत्या, रोकड नव्हती, आणि टेक्सास, जॉर्जिया, अलाबामा या भागांत कापूस पिकवणाऱ्याला मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत जगवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गावचा दुकानदार. पेरणीही झालेली नसताना तो पिकावर बोजा चढवून घेई आणि मग मका, पीठ, खारवलेले मांस उधारीच्या भावाने देई. रोखीच्या आणि उधारीच्या भावातला फरक व्याज म्हणून मोजला, तर अनेक ठिकाणी ते वर्षाला शेकडा ५० च्याही वर जाई. शिवाय अट अशी, की जमिनीत कापूसच लावायचा, कारण दुकानदाराला तारण म्हणून तेच पीक चालत असे. सगळ्यांनी कापूस लावला आणि भाव पडला. १८७० च्या दशकाच्या मध्याला पौंडाला ११ सेंटांच्या आसपास असलेला कापूस १८९४ साली ५ सेंटांच्याही खाली गेला. चलन सोन्याला बांधलेले, व्यापार आणि लोकवस्ती वाढत चाललेली आणि नाणे मात्र टंचाईत, अशा अवस्थेत कर्जाचा डॉलर तेवढाच राहिला आणि तो फेडायला लागणारा कापूस दुपटीहून अधिक झाला. कॅन्ससमध्ये १८८७ च्या दुष्काळानंतर गहाणवटीत शेते गेली, आणि पुढे मका इतका मातीमोल झाला की कोळशापेक्षा मका जाळणे परवडू लागले. अशा माणसांना ‘कर्जबुडवे’ म्हणताना लेखकांची लेखणी थोडीतरी थबकायला हवी होती.

आपल्याकडे १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यामागेही अमेरिकेतील युद्धाच्या काळात चढलेला आणि युद्ध संपताच कोसळलेला कापसाचा भाव हे एक कारण होतेच. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, टेक्सासच्या लँपासस काउंटीत शेतकऱ्यांची जी संघटना उभी राहिली तिच्यातून फार्मर्स अलायन्स वाढली, आणि तिने निराळा रस्ता धरला. तिने डॅलसला स्वतःचे एक्सचेंज, म्हणजे सहकारी खरेदी-विक्री केंद्र, काढले, सभासदांचा कापूस एकत्र विकला, अवजारे एकत्र विकत घेतली. बँकांनी एक्सचेंजला कर्ज नाकारले, तेव्हा ९ जून १८८८ रोजी टेक्सासभर शेतकरी आपापल्या काउंटीच्या कचेरीसमोर जमले आणि ज्यांच्या घरात रोकड जेमतेम होती अशा माणसांनी एक्सचेंज वाचवण्यासाठी पैसे लिहून दिले. ते तरीही वाचले नाही. जमाव म्हणायचा असेल, तर तो असा होता.

एक्सचेंज बुडाल्यावर अलायन्सचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी १८८९ च्या डिसेंबरात सेंट लुईसच्या अधिवेशनात सब-ट्रेझरी योजना मांडली. सरकारने गोदामे बांधावीत. शेतकऱ्याने कापूस, गहू, मका, तंबाखू असा टिकणारा माल तिथे ठेवावा. बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम सरकारने शेकडा १ व्याजाने चलनी नोटांत उचल द्यावी. आणि वर्षभरात भाव सुधारेल तेव्हा माल विकून शेतकऱ्याने ती व्याज व गोदामभाड्यासह फेडावी. यात कर्जमाफी कुठे आहे? फुकट काय आहे? पीपल्स पार्टीने १८९२ मध्ये ओमाहा शहरी काढलेल्या जाहीरनाम्यात कर्ज बुडवण्याची मागणी लेखकांनी मला दाखवून द्यावी. त्यात सब-ट्रेझरी आहे, उत्पन्नानुसार चढता प्राप्तिकर आहे, रेल्वे आणि तारायंत्र सरकारी मालकीचे करण्याची मागणी आहे, टपाल बचत बँका आहेत. त्या वर्षी पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते पडली. प्राप्तिकर १९१३ मध्ये तिथल्या राज्यघटनेत आला, आणि गोदामाच्या पावतीला पत मिळवून देणारा कायदा १९१६ मध्ये झाला. तोपर्यंत पक्ष संपला होता.

आता माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो, कारण या लेखाने तोच उकरून काढला. २०२१ च्या दिवाळीला आठ दिवस असताना माझे ३२ क्विंटल सोयाबीन तयार होते आणि भाव ४,८०० च्या आसपास होता. आपल्या राज्यात शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम शेकडा ६ व्याजाने घ्यायची आणि सहा महिन्यांत सोडवायची. मॅक्यून यांचीच कल्पना, शंभर वर्षांनी. मी सातबारा आणि पीकपेरा घेऊन एका बाजार समितीत गेलो. गोदामात जागा नाही, असे उत्तर मिळाले. दार उघडे होते. आत छतापर्यंत कट्ट्यांची थप्पी लागलेली होती आणि कट्ट्यांवर व्यापाऱ्यांची मार्का-चिन्हे होती. मी विचारले तेव्हा पुढच्या आठवड्यात या, असे सांगण्यात आले. पुढच्या आठवड्यात मजुरांचे आणि मळणीयंत्राचे पैसे द्यायचे होते. मी त्याच दिवशी हर्रासात माल विकला. मार्चमध्ये भाव सात हजारांवर गेला. माझे सुमारे ७० हजार रुपये त्या बंद जागेत राहिले, आणि ज्या व्याजाच्या भीतीने शेतकरी कर्ज घेत नाही असे म्हणतात, ते सहा महिन्यांचे व्याज साडेतीन हजारांच्याही आत होते.

म्हणून ‘चांदीच्या नादी’ हे शब्द मला सहन होत नाहीत. चलनाची टंचाई मिटावी म्हणून चांदीचे नाणे मुक्तपणे पाडावे ही मागणी ओमाहाला होतीच, पण १८९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्या मागे जाताना बाकी सगळे गळाले आणि चांदीच उरली. ती त्या चळवळीची उतरण होती, आणि लेखकांनी उतरणीलाच चळवळ म्हटले आहे. या चांदीशी आपलाही संबंध होता. रुपया चांदीचा होता, चांदी स्वस्त झाली की लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस आणि पंजाबचा गहू स्वस्त पडे, आणि त्यावरून अमेरिकेतील चांदीचे पुरस्कर्ते सभांतून तक्रार करत. २६ जून १८९३ रोजी इथल्या टाकसाळी चांदीला बंद झाल्या, न्यूयॉर्कमध्ये चांदी कोसळली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनने चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. पुरवणीतील लेख मराठी वाचकांसाठी होता, तर निदान एवढे तरी त्यात यायला हवे होते.

त्या चळवळीत दोष नव्हते असे मी म्हणत नाही. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची अलायन्स वेगळी ठेवण्यात आली, १८९१ मध्ये आर्कान्सासात कापूस वेचणाऱ्यांचा संप रक्तात बुडवला गेला, आणि दोन्ही वर्णांच्या शेतकऱ्यांना एकत्र या असे सांगणारे जॉर्जियाचे टॉम वॉटसन पुढे वर्णद्वेषाचेच प्रचारक झाले. लेखकांनी या बाजूने टीका केली असती, तर मी हे पत्र लिहिले नसते.

एक गोष्ट आणखी. त्या शेतकऱ्यांची लहान-लहान वर्तमानपत्रे गावोगावी निघत, कारण मोठी पत्रे त्यांचे म्हणणे छापत नसत. आपल्या दैनिकात आतल्या पानावर रोजच्या बाजारभावांची चौकट असे, अकोला, अमरावती, लातूर, वाशीम. गेल्या वर्षापासून ती बंद झाली आहे आणि त्या जागी राशिभविष्य दुप्पट झाले आहे. याविषयी मी दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. ती चौकट पुन्हा सुरू करावी, आणि सब-ट्रेझरी योजनेवर जाणकाराकडून एक लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, अमरावती जिल्हा