किडलेल्या दाढा मोजता, वाचवलेल्याही मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांतल्या दंत तपासणी शिबिरांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. किती मुले तपासली, किती जणांचे दात किडलेले निघाले, ब्रश-पेस्ट कोणाच्या हस्ते वाटले, सगळे असते. त्या किडलेल्या दातांचे पुढे काय झाले, हे मात्र कधी वाचायला मिळत नाही. तो आकडा आपल्या बातमीदाराला कोणी देतच नसावे.

दातांच्या पाहणीची जगभर वापरली जाणारी पद्धत १९३८ सालची आहे. किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मोजायचे आणि तिन्हींची बेरीज मांडायची. मेख या बेरजेत आहे. ज्याच्या चार दाढा सिमेंट भरून वाचवल्या तो मुलगा आणि ज्याच्या चार उपटल्या तो मुलगा, दोघे कागदावर सारखेच. माझी मागणी साधी आहे: नाशिक जिल्ह्यात हे तीन रकाने तालुकावार वेगवेगळे जाहीर व्हावेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत ‘काढलेले’ किती आणि ‘भरलेले’ किती, हे शेजारी-शेजारी छापून आले की बाकीचे बोलणे सोपे होईल.

मी प्राथमिक शिक्षिका होते, नोकरीची बरीच वर्षे सुरगाणा-पेठ भागात गेली. मुलांच्या तोंडात सर्वांत आधी जाते ती सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कोणाला कळत नाही. ‘दुधाचीच आहे, पडंल आपोआप’, हे मी किती आईबापांकडून ऐकले असेल! मुलाला उन्हात उभे करून ‘आ’ करायला लावले तर दाढेच्या खाचेत एक काळी रेघ दिसते आणि तिच्या टोकाला टाचणी जेमतेम जाईल एवढे छिद्र. वरचे कवच कठीण, ते शाबूत दिसते. आतला थर मऊ असल्याने कीड तिथे पसरते. मग एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना वरचे छप्पर कोसळते आणि त्या रात्री सगळे घर जागे.

अशा वेळी लवंगेचे तेल लावतात. त्याला मी नावे ठेवणार नाही. त्यातले युजेनॉल दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये कालवून तात्पुरते सिमेंट म्हणून भरतात. पण ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असे नव्हे. शेवटी मुलाला घेऊन कुठल्या तरी दवाखान्यात जायचे आणि दाढ काढून यायचे. रूट कॅनाल (मुळांतली सगळी नस काढून आतली जागा भरणे) आणि वरची कॅप मिळून होणारा काही हजारांचा खर्च रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची ही दाढ गेली की मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली लांबते आणि चावण्याची सगळी घडीच बिघडते.

मला खटकते ते असे की काढणे आणि रूट कॅनाल यांच्या मधली वाट आता चांगली रुळलेली आहे. १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग झाला. दाढेला भोक पाडून नस उघडी टाकली. साध्या उंदरांच्या दाढेतली नस कुजली. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत मात्र त्या भोकावर दाताने स्वतःच नवा थर धरला. म्हणजे नस मरते ती जंतूंमुळे, नुसती उघडी पडल्यामुळे नाही. जंतूंना बाहेर ठेवणारे चांगले झाकण तेवढे हवे होते. ते कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात १९९३ च्या सुमारास पुढे आले. एमटीए म्हणतात त्याला. मुख्य घटक काय, तर बांधकामाचे पोर्टलँड सिमेंट, शुद्ध केलेले, आणि एक्स-रेत दिसावे म्हणून मिसळलेले बिस्मथ ऑक्साइड. ते ओल्या जागीही घट्ट बसते. नसेचा वरचा आजारी भाग काढायचा, मुळांतला जिवंत ठेवायचा आणि त्यावर हे बसवायचे. लहान मुलांत तर हे फारच मोलाचे, कारण सहाव्या वर्षी आलेल्या दाढेच्या मुळांची टोके नऊ-दहाव्या वर्षापर्यंत उघडी असतात. नस जिवंत राहिली तरच ती मुळे पुरी वाढतात.

हे फक्त मोठ्या इस्पितळांत जमते असेही नाही. इराणमध्ये सरकारी आरोग्य केंद्रांत चारशेहून अधिक रुग्णांवर याच पद्धतीच्या उपचाराची, एमटीएऐवजी तिथलेच दुसरे कॅल्शियमयुक्त सिमेंट वापरून, रूट कॅनालशी तुलना केली गेली. नसेला ‘आता वाचणार नाही’ म्हणावी इतकी सूज असलेल्या दाढा होत्या त्या. पाच वर्षांनंतरचे निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नस राखणारा उपचार रूट कॅनालपेक्षा कमी पडला नव्हता. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ मध्ये खोल किडीबद्दल भूमिका मांडली, त्यातही आधी नस जपण्यावरच भर आहे. आपल्याकडे एमटीए आता देशातच बनते. ग्रामीण रुग्णालयांच्या खरेदी यादीत ते का असू नये?

आता आमच्या म्हसरूळच्या शेजाऱ्यांबद्दल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे आणि राज्यभरातली दंत महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यातले कितीतरी काम काढलेल्या दातांवर, प्रयोगशाळेत होते. दात वाचवण्याच्या अभ्यासाला उपटलेले दात! गरज त्याचीही आहे, पण पेठमधल्या मुलाच्या तोंडात ते सिमेंट पाच वर्षांनी कसे आहे, हे कोण बघणार? एमडीएस तीन वर्षांचे, एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले ते नाहीच. विद्यापीठाने ठरवले तर एका तुकडीने उपचार केलेली मुले पुढच्या तुकडीने तपासायची, अशी साखळी लावता येईल.

मोठ्यांचे दात हिरड्यांच्या रोगाने, मिशरीने आणि मधुमेहानेही जातात, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. अंगणवाडीतल्या मुलांबद्दल मात्र थांबायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडची पेस्ट, दातात भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड घातले. यातले शेवटचे औषध किडीवर ब्रशने लावायचे. ड्रिल नको, इंजेक्शन नको, वीज नको. कीड थांबते, डाग काळा पडतो, आणि पडून जाणार असलेल्या दुधाच्या दाढेला तो चालून जातो. ज्या दाढेची नस उघडी पडली आहे किंवा जी रात्री ठणकते, तिथे ते लावायचे नाही. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावले तर गुण जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे असतेच. पथकात दंतवैद्य नसतो, त्यामुळे प्रशिक्षण आणि देखरेख लागेल. ते काम जिल्ह्यातल्या दंत महाविद्यालयाला सांगता येईल. फक्त तारखा ठरवताना सुरगाण्या-पेठची कुटुंबे द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे उतरतात, हे कोणीतरी लक्षात ठेवावे. पहिली फेरी दिवाळीच्या आत, दुसरी पेरणीआधी, मंडळी गावी परतल्यावर.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
म्हसरूळ, नाशिक