जाड अक्षरांत बुजणारा 'ळ'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत खानदेशातल्या दुकानांच्या पाट्यांवर, शुभेच्छांच्या फ्लेक्सवर आणि शाळांच्या भिंतींवर गुबगुबीत, गोल कोपऱ्यांच्या ठळक अक्षरांची चलती आहे. मी सव्वीस वर्षे ब्रशने पाट्या रंगवल्या आणि आता मुलाच्या फ्लेक्सच्या दुकानात संगणकासमोर बसतो. या अक्षरांचा मला तिटकारा नाही. माझी तक्रार आहे ती त्यांच्या वापराबद्दल, आणि त्यात आम्ही दुकानवालेही दोषी आहोत.

मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने घडवलेले 'मोदक' आणि 'बालू' हे या वळणाचे दोन फॉन्ट. दोन्ही खुल्या परवान्याचे आणि मोफत असल्यामुळे तालुक्याच्या गावातला लहानसा दुकानदारही ते वापरू शकतो. 'मोदक'मध्ये अक्षर इतके भरलेले आहे की आतल्या पोकळ्या बारीक चिरांएवढ्याच उरतात, आणि तरीही मोठ्या आकारात ते अक्षर ओळखू येते. हे साधणे किती कठीण आहे, हे ज्याने जाड ब्रशने 'क्ष' किंवा 'ज्ञ' काढला असेल त्याला लगेच कळेल. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, शेजारी जोडाक्षराचा दुसरा भाग अशी चहूबाजूंनी अडचण असते, त्यामुळे अक्षर जाड करायचे म्हटले की तो जाडपणा आतल्या मोकळ्या जागेतच शिरतो. ती जागा किती राखायची, याचा अक्षरागणिक विचार या फॉन्टच्या रचनाकारांनी केलेला आहे.

आपल्याकडे तर पावलोपावली 'ळ' भेटतो: धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, तळोदा. अहिराणी बोलताना आम्ही जळगावला जयगाव आणि धुळ्याला धुये म्हणतो, पण पाटीवर 'ळ'च लागतो. या अक्षरात शेजारी शेजारी दोन वाटोळी घरे असतात आणि त्या घरांतल्या मोकळ्या जागेमुळेच डोळा ते ओळखतो. ब्रशच्या काळात मी 'ळ' काढताना आधी खडूने ती दोन घरे आखून घेत असे आणि मग बाहेरून रंग आत आणत असे, म्हणजे पाटी दोन हात असो की वीस हात, घर बुजत नसे. आज संगणकावर नेमके उलटे होते. गिऱ्हाईक म्हणते, "अजून जाड करा." मग आम्ही आधीच भरलेल्या अक्षराला कोरल या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये त्याच रंगाची आउटलाइन, म्हणजे कडेने जाड रेघ, देतो, किंवा 'बोल्ड'चे बटण दाबतो. 'मोदक' एकाच जाडीचा फॉन्ट आहे. त्यावर बोल्ड दाबले की संगणक अक्षर नुसते फुगवतो आणि रचनाकाराने राखलेली चीर मिटून जाते. 'ळ'चे दोन काळे गोळे होतात. 'ध'च्या डोक्यावरची गाठ शिरोरेषेला चिकटते आणि 'धुळे'चे 'घुळे' होते. आमच्याच दुकानातून अशी एक पाटी बाहेर गेली होती. ती आम्ही स्वखर्चाने बदलून दिली.

दुकानाचे नाव चुकले तर निदान जुने गिऱ्हाईक दुकान ओळखते, पण सूचनेचे तसे नसते. मध्यंतरी आमच्या भागात रक्तातील साखर तपासण्याचे शिबिर झाले. फ्लेक्सवर शिबिराचे नाव मोठ्या गोल अक्षरांत होते, ते शोभत होते. पण "सकाळी उपाशीपोटी यावे" ही ओळही त्याच फॉन्टमध्ये, दीड इंच उंचीची, वरून पांढऱ्या आउटलाइनसह, गुलाबी पार्श्वभूमीवर छापलेली होती. माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे आणि तिला वाचता चांगले येते. फ्लेक्ससमोर उभी राहूनही तिला ती ओळ लागली नाही. आत्या सकाळी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर खाऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षाभाडे खर्चून तिला जावे लागले. तिच्यासारखे आणखी चौघेजण त्याच रांगेतून परत फिरले.

दुकानांवरील पाट्यांबाबत २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. मात्र अक्षर मोठे असूनही वाचता येत नसेल, तर ती काळजी पाटी करणाऱ्याने आणि करून घेणाऱ्याने घ्यायची आहे.

माझी विनंती शाळा, ग्रामपंचायती, शिबिरांचे आयोजक आणि माझे व्यवसायबंधू यांना आहे. गोल ठळक अक्षर दोन-तीन शब्दांच्या नावासाठी, मोठ्या आकारात आणि आउटलाइनशिवाय वापरावे. पत्ता, वेळ, सूचना आणि रस्त्यावरील गावांची नावे मोकळ्या अक्षरांत द्यावीत. गोलाईच हवी असेल तर 'बालू २' पाच जाड्यांमध्ये मिळतो, त्यातली रेग्युलर किंवा मीडियम घ्यावी. फ्लेक्स छापण्याआधी नमुना साध्या कागदावर काढून समोरच्या भिंतीला लावावा आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दहा पावलांवरून वाचायला सांगावा. तो अडखळला तर फॉन्ट बदलून मागावा. फॉन्ट बदलण्याचे वेगळे पैसे आमच्या दुकानात घेत नाहीत, इतरांनीही घेऊ नयेत.

आपला,
एक पाटी-पेंटर, अमळनेर, जि. जळगाव