रोहनच्या आईला, मॅडिसनहून

प्रिय शैला,

सप्रेम सलाम.

रोहनला अमेरिकेत, इथल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रवेश मिळाला, तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. आपण समलिंगी आहोत हे त्याने तुम्हाला सांगितलं, ते तू आडपडदा न ठेवता कळवलंस, बरं केलंस. आता मलाही तसंच उत्तर देता येईल. तू विचारतेस, लहानपणापासून क्वायरमध्ये उभा राहिलेला पोरगा तिकडे काही न लपवता देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ शकेल का? जाऊ शकेल. पण कुठल्याही देवळात नाही, आणि नुसतं मागच्या बाकावर बसून भागेल असंही नाही. त्याला तिथे एखादं काम मिळायला हवं आणि चार गोष्टी ठरवताना त्याचं मत विचारलं जायला हवं. जिथे हे होतं तिथे मुलं टिकतात. जिथे नुसतं गोड हसून स्वागत होतं तिथून दिवाळीच्या सुमारास गळायला लागतात.

मी सुचवते ते लुथरन चर्च, म्हणजे मार्टिन लुथरच्या परंपरेतलं प्रोटेस्टंट चर्च. पण आधी पाटीचा घोळ. आपल्याकडे लुथरन म्हटलं की गुंटूर नाहीतर रांची डोळ्यांसमोर येतं. नगरला आपण सगळे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचे, आता सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), त्यामुळे रोहनला सगळे लुथरन एकच वाटतील. मॅडिसनमध्ये तीन वेगवेगळ्या लुथरन संस्थांची विद्यार्थ्यांसाठीची उपासनास्थळं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मिसूरी सिनड आणि विस्कॉन्सिन सिनड (सिनड म्हणजे चर्चचा संघ) या दोन्ही जुन्या वळणाच्या. तिथे बायकांना पाळक (पास्टर) होता येत नाही, प्रभुभोजन (उपासनेतला भाकरी-वाइनचा विधी) त्यांच्याशी एकमत असलेल्यांनाच, आणि समलिंगी संबंध हे पाप, ही त्यांची शिकवण ते उघड सांगतात. ‘विस्कॉन्सिन’ हे राज्याचंच नाव, म्हणून हेच इथलं मुख्य चर्च असणार असं नव्या मुलांना वाटतं आणि ती थेट तिथे जातात. रोहनला हवी ती तिसरी, इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन अमेरिका, बोलताना ईएलसीए. ही १९८८ पासून आहे, आणि तिच्या आधीच्या चर्चमध्ये १९७० पासून बायका पाळक होत आल्या आहेत.

पण ईएलसीए एवढंच वाचून निर्धास्त होऊ नकोस. २००९ साली मिनिआपोलिसच्या महासभेत, समलिंगी जोडीदारासोबत आयुष्यभराच्या निष्ठेने राहणाऱ्यांनाही पाळक होता येईल, असा निर्णय झाला. त्याच निर्णयात प्रत्येक मंडळीला (म्हणजे स्थानिक चर्चला) आपापल्या सद्सद्विवेकाने वागायची मुभाही ठेवली. म्हणजे एका गावातल्या मंडळीत दोन पुरुषांचं लग्न लागतं आणि शेजारच्या गावातल्या, त्याच चर्चच्या मंडळीत तो विषयही निघत नाही. म्हणून ‘रिकन्सायलिंग इन क्राइस्ट’ ही खूण बघायची, इथे तिला आरआयसी म्हणतात. हा उपक्रम १९८४ पासून चालू आहे. ज्या मंडळीला ही खूण हवी तिला ठराव करून आपलं स्वागताचं निवेदन लिहावं लागतं, त्यात लैंगिक ओळखीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करावा लागतो आणि अलीकडे वंशभेदाविरुद्धची बांधिलकीही. समलिंगी पाळक बोलावायला आणि अशा जोडप्यांच्या लग्नाला देऊळ द्यायला तयार असावं लागतं. ‘सर्वांचे स्वागत’ असा फलक इथे प्रत्येक देवळावर असतो, त्यावरून काहीच कळत नाही. आरआयसीची यादी ‘रिकन्सायलिंगवर्क्स’ या संस्थेच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधता येते.

यादीत नाव सापडलं तरी ऑगस्टच्या मध्यावर रोहनने स्वतः पाळकांना चार ओळींचं ईमेल लिहावं. नाव, विषय, कधी पोहोचतो, आणि तीन प्रश्न. समलिंगी विद्यार्थी तुमच्या विद्यार्थी समितीवर निवडून येऊ शकतो का? तो प्रभुभोजन वाटायला मदत करू शकतो का? त्याचं लग्न तुमच्या देवळात लागेल का? तिसरा प्रश्न त्याला आज कामाचा नाही, पण खरं उत्तर त्यातूनच कळतं. ‘हो’ असं एका ओळीत आलं तर उत्तम. ‘आम्ही सगळ्यांवर प्रेम करतो, ये, कॉफी घेऊ’ असं आलं तर ते ‘नाही’ समजावं आणि पुढची मंडळी बघावी.

मॅडिसनचं एक बरं आहे, या कामाची मुळं इथेच आहेत. विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ लुथरन पाळक नेमण्याची अमेरिकेतली सुरुवात १९०७ साली याच विद्यापीठात झाली. (लुथर स्वतः विटेनबर्गला प्राध्यापक होता, हे आपण विसरतोच.) आणि हे चर्चला कसं चालतं असं तुमच्या पाळकांनी विचारलं, तर एक गोष्ट तू त्यांना सांगू शकशील. १५३०च्या ऑग्सबर्गच्या विश्वासांगीकाराचं (लुथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्याचं) सातवं कलम सांगतं की शुभवर्तमान शुद्धपणे शिकवलं जातं आणि संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) योग्य रीतीने दिले जातात तिथे चर्च आहे. एकीसाठी तेवढं पुरे, माणसांनी घातलेले रीतिरिवाज सगळीकडे सारखे असायलाच हवेत असं नाही. सर्वांना सामावून घेणाऱ्या मंडळ्या याच कलमावर उभ्या आहेत. समोरचा पक्ष शास्त्रातली वचनं पुढे करतो आणि तो वाद संपलेला नाही, हेही रोहनला माहीत असू दे. तो वाद एकट्याने जिंकण्याची जबाबदारी त्याची नाही.

पहिल्या रविवारी काय होईल ते सांगते. दारात छापील उपासनाक्रम मिळेल, बाकावर गडद लाल गीतांचं पुस्तक असेल. चार भाग असतात: एकत्र येणं, वचन, भोजन, पाठवणी. आपल्याकडे प्रभुभोजन बहुधा महिन्यातून एकदा, इथे दर रविवारी. लोक रांगेने पुढे जातात, भाकरीचा तुकडा हातात मिळतो, तो प्याल्यातल्या वाइनमध्ये बुडवायचा किंवा छोट्या ग्लासातून प्यायचं. वाइन नको असलेल्यांसाठी साधा द्राक्षरस आणि गव्हाशिवायची भाकरी वेगळी ठेवलेली असते, कुठल्या बाजूला ते क्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं. घ्यायचं नसेल तर दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, पाळक आशीर्वाद देतात. नावाच्या चिठ्ठीवर मुलं ‘ही/हिम’, ‘शी/हर’, ‘दे/देम’ असंही लिहितात, म्हणजे आपला उल्लेख कुठल्या सर्वनामाने करावा ते. रोहनला लिहायचं नसेल तर नुसतं नाव पुरे. चांगल्या मंडळीत कुणी आग्रह धरत नाही.

आणि त्याला कुणीतरी नक्की विचारेल, ‘तुमचं घराणं ख्रिस्ती कधी झालं?’ त्यात वाईट हेतू नसतो, भारतात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत हे त्यांना ठाऊक नसतं. १७०६ साली पहिला लुथरन मिशनरी तमिळनाडूतल्या त्रांकेबारला (तरंगमबाडीला) उतरला, म्हणजे अमेरिका स्वतंत्र व्हायच्या सत्तर वर्षं आधी, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येत नाही.

खरी जवळीक मात्र आठवड्यातल्या मधल्या वारी, रात्रीच्या जेवणाला होते. बऱ्याच ठिकाणी बुधवारी. साडेपाच-सहाला जेवण, मग पाऊण तास बोलणं, शेवटी छोटी गायलेली प्रार्थना. आपल्या मुलाने पहिल्या महिन्यातच स्वयंपाकाच्या पाळीत नाव घालावं. टेबलावर बसून ओळख व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या निम्म्यात सिंकपाशी भांडी पुसताना होते, कारण तिथे बोलायला विषय शोधावा लागत नाही आणि डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. पंचवीसजणांना व्हेज पुलाव करायचा तर दोन किलो तांदूळ, दीड किलो भाज्या, सोबत दोन किलो दह्याची कोशिंबीर. दह्याशिवायची थोडी वेगळी काढायची, कारण दूध न खाणारे दोन-चार असतातच. दाण्याचं कूट अजिबात नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जीवावर बेतू शकते, नुसती पाटी लावूनही भागत नाही, डाव एकाच्या भांड्यातून दुसऱ्याच्यात जातो. हिंगाची डबी उलटून बघायची, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं आणि ग्लुटेन न चालणारं कुणी ना कुणी असतंच. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचा नाही. प्रत्येक पदार्थापुढे कार्डावर सगळे जिन्नस लिहायचे. हे कार्ड लिहिणारा मुलगा दोन आठवड्यांत सगळ्यांना नावाने माहीत होतो, हा त्याचा जास्तीचा फायदा.

आता तुझ्या पोटातली खरी भीती, जी तू लिहिली नाहीस. फोटो. या मंडळ्या इन्स्टाग्रामवर भरपूर फोटो टाकतात, मागे इंद्रधनुषी झेंडा असतोच, आणि तिथून नगरच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यायला एक दिवस पुरतो. कुणी मुद्दाम करत नाही. त्यांना वाटतं, इथे येतो म्हणजे घरी सगळ्यांना माहीत असणार. म्हणून पहिल्याच भेटीत रोहनने पाळकांना आणि फोटो टाकणाऱ्या मुलाला, दोघांनाही सांगावं, लेखी सांगावं: माझा चेहरा नको, टॅग नको, नाव नको. उपासना थेट प्रक्षेपित होत असेल तर कॅमेरा कुठे आहे आणि कुठल्या बाकांवर जात नाही, ते विचारावं. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते रोहन ठरवेल. तुझ्या जावेलासुद्धा तू परस्पर सांगू नकोस. पाळकांशी एकांतात बोललेलं त्यांना बाहेर सांगता येत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी.

बिनसतं कुठे, तेही लिहिते. या भागातली पुष्कळ मुलं एकाच पद्धतीच्या लुथरन उन्हाळी शिबिरांत वाढलेली असतात. गाणी तीच, विनोद तेच, त्यांना एकमेकांची ओळख करून घ्यावी लागत नाही. ती वाईट नसतात, पण बाहेरून आलेला गप्प बसतो आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. जाणती मंडळी प्रत्येक नव्या मुलामागे एक जुना मुलगा नेमते आणि तो ‘कधीतरी ये’ न म्हणता ‘बुधवारी सव्वापाचला लायब्ररीच्या दारात भेटू’ असं म्हणतो. दुसरं, पहिल्या दिवशी दहाजणांनी घेरून स्वागत करायचं आणि तिसऱ्या आठवड्यात कुणी ओळखही द्यायची नाही. तिसरं, दरवेळी भारताबद्दल बोलायला उभं करणं. एकदा हो म्हणावं, दुसऱ्यांदा ‘त्यापेक्षा मला उपासनेतलं बायबलचं वाचन द्या’ म्हणावं. वाचन गुरुवारपर्यंत मागून घ्यावं, माइकवर एकदा म्हणून बघावं, जुन्या करारातली नावं इथे वेगळ्या उच्चाराने म्हणतात.

दर मे महिन्यात समितीतली निम्मी मुलं पदवी घेऊन निघून जातात. एप्रिलमध्ये किल्ल्या, पासवर्ड, खरेदीची यादी पुढच्यांच्या हाती दिली नसेल तर सप्टेंबरमध्ये सगळं शून्यापासून. मार्च-एप्रिल ही जबाबदारी मागायची योग्य वेळ. एकच सावधगिरी. विद्यार्थी-सेवकाच्या कामाला काही ठिकाणी मानधन देतात. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर रोहनने ते घेऊ नये. ही मंडळी विद्यापीठाचा भाग नाही, त्यामुळे ते काम कॅम्पसबाहेरचं धरलं जाऊ शकतं आणि परवानगीशिवाय पैसे घेतले तर व्हिसा जाईल. ज्या कामाला इतरांना पैसे मिळतात तेच काम फुकट करणंही टाळावं, आणि शंका आली तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कचेरीत विचारावं. पाळकांना हे नियम माहीत असतीलच असं नाही.

मतदानाचं सांगते. ईएलसीए मंडळीच्या वार्षिक सभेत मत द्यायचं तर दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला सभासद असावा लागतो, आणि त्या किंवा मागच्या वर्षात तिथे प्रभुभोजन घेतलेलं आणि नावाने काही वर्गणी दिलेली असावी लागते. रक्कम ठरलेली नाही. पाकिटावर नाव घालून पाच डॉलर दिले तरी नोंद होते. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला स्कॅन करून त्याच्याकडे दे. 

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. त्या आठवड्यात कॅम्पस ओस पडतो. मंडळीतली कुटुंबं विद्यार्थ्यांना जेवायला बोलावतात, पण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादीत नाव असावं लागतं, आणि न्यायला-आणायला गाडी कोणाची तेही तेव्हाच ठरवावं लागतं. लाजून राहिला तर चार दिवस खोलीत एकटा पडेल.

आणि रविवारी फोन कधी करायचा ते लिहून ठेव. इथली दहाची उपासना म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चपर्यंत साडेनऊ. त्यानंतर कॉफी असते, ती चुकवायला लावू नकोस. शनिवारी कर फोन.

तुझी,
विद्या