सुरेश खोपडे साहेबांना, भिवंडीहून

आदरणीय खोपडे साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तुम्ही भिवंडीत आलात, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. वडिलांचे चार यंत्रमाग होते. कारागीर उत्तर प्रदेशचे, सूत घ्यायचं ते मोमीन शेठकडून, आणि हिशेब लिहायला पद्मानगरचे एक तेलुगू काका. आमच्या गावाचं पोट असं एकमेकांत गुंतलेलं. तरीही १९७० आणि १९८४ अशा दोन मोठ्या हिंदू-मुस्लिम दंगली या गावाने पाहिल्या होत्या. १९७० च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने तर पोलिसांच्या पक्षपातावरच बोट ठेवलं होतं. खाकी दिसली की दार लावून घ्यायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

शांतता समिती तुमच्या आधीही होती. सण जवळ आला की पोलीस ठाण्यात पुढाऱ्यांना बोलवायचं, चहा पाजायचा, फोटो काढायचा. आमच्यासारख्यांना तिथे कोण विचारतो? तुम्ही मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या आणि दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांना शेजारी शेजारी बसवलं. त्यात माग चालवणारे होते, दुकानदार होते, मास्तर होते. गावात काही घडलेलं नसतानाही बैठका होत राहिल्या. तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः याच गोष्टीसाठी. दंगल पेटल्यावर शौर्य दाखवणारे अधिकारी पुष्कळ असतात आणि त्यांना पदकंही मिळतात. शांत दिवसांत गल्लीत जाऊन लोकांचं ऐकून घेण्याचं काम कुणाच्या नजरेत भरत नाही.

वडील बैठकीला जायचे. परत आले की सांगायचे, आज गटाराचा विषय निघाला, आज अमक्याच्या भाडेकरूचं भांडण मिटलं. एकदा म्हणाले, "आज लोकांनी हवालदाराला तोंडावर विचारलं, तक्रार का घेतली नाही म्हणून. आणि त्याने उत्तर दिलं." एवढ्या साध्या गोष्टीचं त्यांना कोण अप्रूप! माझ्या मते तुमच्या कामाचा कणा हाच होता. पोलिसांनी प्रेमाने वागावं असं सगळेच म्हणतात, पण प्रेम साहेबाच्या स्वभावावर अवलंबून असतं आणि साहेबाची बदली होते. चारचौघांत बसून उत्तर देण्याची सवय खालच्या शिपायापर्यंत पोचली, तर ती साहेब गेल्यावरही टिकते.

तसंच झालं. तुमच्यानंतर गुलाबराव पोळ साहेब आले आणि त्यांनी ही घडी मोडली नाही. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईतल्या दंगलींत ९०० माणसं गेली, हा त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. मुंबई आमच्यापासून तास-दीड तासावर. त्या दिवसांत सगळे भिवंडीकडेच बघत होते, कारण पहिली ठिणगी पडायची तर इथेच, असा आमचा लौकिक होता. पण भिवंडी पेटली नाही. आमच्या गल्लीत अफवा आली की कमिटीतली माणसं आधी एकमेकांच्या दारात जायची, मग चौकीवर. शेठ आमच्याकडे येऊन गेले, वडील त्यांच्याकडे जाऊन आले. नावं माहीत होती, घरं माहीत होती, चौकीवरच्या माणसाचा चेहरा माहीत होता. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या निघाल्या. परदेशी विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी भिवंडीवर लिहिलं. आम्हाला मात्र आमचे माग आणि आमची माणसं शाबूत राहिली, हेच पुष्कळ होतं.

जुलै २००६ मध्ये इथेच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, गोळीबार झाला, आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. ते वाचताना तुम्हालाही फार लागलं असेल. आम्हालाही लागलं. बोलणं थांबलं की गाव किती लवकर पूर्वीसारखं होतं, हे त्या दिवशी कळलं. तुम्ही काय उभं केलं होतं, याची खरी किंमतही तेव्हाच कळली.

आता माग विकले, वडील राहिले नाहीत. पण कमिटीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या शेठच्या नातवाचं आणि माझं अजून जाणं-येणं आहे. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर तो म्हणाला, माझंही नाव घाल. नावं दोघांचीही घालत नाही, पण आभार दोन्ही घरांचे आहेत, ते स्वीकारावेत.

आपला,
भिवंडीचा एक रहिवासी