रात्रपाळीच्या लॅबवाल्या ताईंना

ताई, त्या रात्री तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

वर्षभरात दुसऱ्यांदा आईच्या स्वादुपिंडाला सूज आली होती. पित्ताशयात खडे नाहीत, दारूचा तर प्रश्नच नाही. कारण काही सापडेना. मी खिडकीशी रिपोर्ट घ्यायला आलो, तर तुम्ही कागद नुसता सरकवला नाहीत. कॅल्शियमच्या १२.४ आकड्यावर बोट ठेवून म्हणालात, "दादा, या आजारात हे बऱ्याचदा उतरतं. आईंचं चढलंय. डॉक्टरांना आत्ताच दाखवा." वॉर्डात फोनही तुम्हीच केलात. माझे हात थरथरताना पाहून स्वतःच्या थर्मासमधला चहा ओतून दिलात. तो अर्धा कप मी विसरणार नाही.

मग पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींतून येणारं हार्मोन, तपासलं, तेही वाढलेलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. आईची त्यातली एक फुगून रक्तातलं कॅल्शियम वाढवत होती. त्या जास्तीच्या कॅल्शियममुळे स्वादुपिंडातली पाचक द्रव्यं आतल्या आतच जागी होऊ शकतात. दोनदा झालेल्या मूतखड्यांचाही उलगडा झाला!

ऑपरेशन करून ती ग्रंथी काढली. आई आता इंदूरच्या घरी, रामबागेत, पुन्हा अंगणात रांगोळी घालते. तुमची ड्यूटी कधी असते ते कळवा, तिला स्वतः येऊन तुम्हाला भेटायचंय.