पाहुण्याला ‘फिरवून दाखवताना’

माननीय संपादक,
स. न.

इंग्रजीतील ‘शो अराउंड’ या रोजच्या क्रियापदाचा अर्थ अनेकजण ‘आजूबाजूला दाखवणे’ असा शब्दशः लावतात, हे मला खटकते. पाहुण्यासोबत चालत, एकेक दालन समजावून देत जागेची ओळख करून देणे, हा त्याचा आशय असून मराठीत त्याला ‘फिरवून दाखवणे’ हे नेमके संयुक्त क्रियापद आधीपासूनच आहे. खरी गफलत होते ती शब्दक्रमात: ‘तिला’ या अर्थाचे सर्वनाम दोन्ही शब्दांच्या मध्येच यावे लागते, म्हणून ‘शो हर अराउंड’ बरोबर आणि ‘शो अराउंड हर’ चूक, जागेचे नाव मात्र शेवटी येते, जसे ‘शो हर अराउंड द म्युझियम’. ब्रिटिश वळणात ‘अराउंड’ऐवजी ‘राउंड’ही सर्रास चालते. ‘शो’ला ‘ऑफ’ जोडला की मिरवणे, ‘अप’ जोडला की हजर होणे, ‘आउट’ जोडला की दारापर्यंत पोहोचवणे. त्यामुळे पाहुण्याला इमारत दाखवायची असताना चुकून ‘आउट’ म्हटले, तर तो बिचारा निरोप समजेल! व्याकरणाच्या पुस्तकांनी अशा क्रियापदांच्या नुसत्या याद्या न छापता कर्माचे स्थान पूर्ण वाक्यांतून दाखवावे, ही विनंती.

आपला,
एक भाषाप्रेमी वाचक