ग्रुपवर विचारायला लाजू नकोस

पंचवटी, नाशिक

प्रिय बंड्या,

मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातलंस हे वाचून खूप बरं वाटलं. कंपनीची शिफ्ट सांभाळून पुन्हा वही उघडायची, हे सोपं नाही. “वर्ग नाही, मित्र नाहीत, अडलं तर विचारू कोणाला?” असं तू लिहिलंस, ते मनातून जाईना.

अरे, १९८९ साली ते विद्यापीठ निघालं तेच तुझ्यासारख्या नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी. गोवर्धनला विद्यापीठाचं आवार आहे, पण तिथे रोज जावं लागत नाही. पण सोबत लागतेच, आणि ती फोनवर मिळू शकते.

आमच्या कॉलेजच्या वर्गाचा साठ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दिवसभर त्यात नोट्सच्या पीडीएफ येत असतात. माझ्याकडे शंभरेक साठल्यात, उघडल्या असतील दहा. पीडीएफ साठवली म्हणजे अभ्यास झाला असं वाटतं, तेवढं मात्र होऊ देऊ नकोस.

मागच्या महिन्यात मला प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत ते सांगणारं माप, काही केल्या कळेना. रात्री अकराला ग्रुपवर विचारलं. चौघांनी सूत्राचा फोटो टाकला. सूत्र तर पुस्तकातही होतं! मग दिंडोरीच्या एका मुलीने तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. दिवसभर बागेत राबून आलेली, आवाज दमलेला, मागे कुत्रं भुंकतंय. म्हणाली, “दोन बागा धर. तीन दिवसांत एकीतून ४८, ५०, ५२ क्रेट निघाले, दुसरीतून ३०, ५०, ७०. सरासरी दोन्हीकडे पन्नासच. पण टेम्पो कोणत्या बागेसाठी बिनधास्त सांगशील?” लख्ख उजेड पडला. मी गणित करून वहीचा फोटो टाकला, पहिल्या बागेचं उत्तर २.६७. तिने त्यावर लाल गोल करून पाठवला: वर्गमूळ राहिलं. मग आलं १.६३, आणि दुसरीचं १६.३३. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाला तेच अडलं, तेव्हा मी समजावलं. खरं सांगू? मला ते पक्कं झालं ते तेव्हा.

एक मात्र जप. गेल्या हिवाळ्यात पेपर पुढे ढकलल्याचं पत्रक ग्रुपवर आलं, सही-शिक्क्यासकट. मी खातरजमा न करता पुढे पाठवलं. ते खोटं निघालं. निफाडहून येणारी आमची मैत्रीण त्या सकाळी घरीच थांबली, तिचा पेपर बुडाला. मी माफी मागितली, ती काहीच बोलली नाही. अजून सलतं रे. तारीख नेहमी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघ, नाहीतर अभ्यासकेंद्रात फोन कर.

रविवारी सिन्नरहून ये. नाशिकच्या द्वारका चौकात उतर, मी गाडी घेऊन येतो. तुझ्या केंद्रातल्या मुलांचे नंबर आण, आपण ग्रुप काढू. पाच जण मिळाले तरी पुष्कळ. लेखांकनाची वहीही आण. पहिली शंका तूच टाक.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
पक्या